लिहिता येतं, वाचता येत नाही : एका गुरुजींचं प्रकरण

पेपर टाकणारा मुलगा सायकल वळवून निघाला तेवढ्यात गुरुजींनी त्याला हाक मारली. "काय रे पोट्ट्या, आज तेलगू पेपर टाकला का?" मुलगा हसला आणि गेला. गुरुजी मस्करी करतात हे गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी ती मस्करी नव्हती.

गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातलं. पांढरकवड्याहून हमरस्ता आदिलाबादकडे उतरतो आणि पाटणबोरीच्या बाजूला गेलं की तेलगू कानावर पडते, पाट्यांवरही दिसते. गुरुजींना ती लिपी दिसायला ओळखीची, वाचता मात्र कधी आली नाही. गोल गोल अक्षरं, डोक्यावर बारीक टोपी. दिवाळी उलटून चौथ्या दिवशी सकाळी पेपरचं पहिलं पान त्यांना तसंच दिसलं. ओळी होत्या, अक्षरं होती, ठसाही स्वच्छ होता. ती अक्षरं फक्त त्यांची नव्हती. वरचं पेपरचं नाव मात्र रोजच्याच वळणाचं होतं. म्हणून त्यांचा समज झाला की पेपरवाल्यांनी तेलगू आवृत्ती काढली असावी.

वय ७२. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. गावाशेजारच्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, मुलं मराठी बोलायला आणि वाचायला एकदमच शिकायची, तीही यांच्याच हाताखाली. मलाही अक्षरओळख त्यांनीच करून दिली. आज मी यवतमाळला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं ते विद्यार्थी म्हणून की अभ्यासक म्हणून, हे मलाच नीट सांगता येणार नाही. घरच्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

दोन दिवस कोणाला कळलंच नाही

घर महानुभाव पंथाचं. पहाटे अंघोळ झाली की गुरुजी ओसरीवर पाटावर बसून पोथी वाचतात. त्या दिवशीही वाचली, दुसऱ्या दिवशीही वाचली. "पोथी तं रोजच्यासारखीच वाचून राह्यले होते," काकू सांगतात. "आवाजात काई फरक नाई. मले कसं समजन?" समजलं नातवाला. चौथीतला पोरगा, शेजारी दप्तर भरत बसला होता. तो म्हणाला, "आबा, तुम्ही पान तं पलटवलंच नाही."

गुरुजी वाचत नव्हते, म्हणत होते. पन्नास वर्षांच्या पाठाने पोथी तोंडात बसलेली. डोळ्यांसमोर पान उघडं असणं हा नुसता रिवाज उरला होता. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावलेली गोष्ट हीच. दोन दिवस घरातल्या चार माणसांना, आणि काही अंशी खुद्द गुरुजींनाही, वाचणं थांबल्याचं कळलं नाही. पाठांतराने ती जागा चोख भरून काढली होती.

त्यानंतरचे तीन दिवस चष्म्यात गेले. तालुक्याच्या गावी एका दुकानात नंबर तपासला, किंचित बदललेला निघाला, नवा चष्मा आला. अक्षरं जास्त ठळक दिसू लागली आणि तितकीच परकी राहिली. दुकानदाराची चूक काढण्यात अर्थ नाही. डोळ्यांनी तक्त्यावरचे अंक धडाधड वाचून दाखवणाऱ्या माणसाला डोळ्यांचं दुखणं नाही हे त्याला दिसलं होतं, बाकीचं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. गुरुजींचा उजवा खांदा मात्र दाराच्या चौकटीला सारखा लागू लागला. ताटातलं उजवीकडचं वांगं तसंच राहू लागलं. भाकर संपायची, भाजी पुरी पडली नाही म्हणून कुरकुर व्हायची, आणि भाजी तिथेच असायची. काकूंनी ताट फिरवून दिलं की "आता कुठून आलं?" असं विचारायचे. तेव्हा मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने त्यांना सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला नेलं.

एमआरआयमध्ये निदान स्पष्ट होतं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीत रक्ताची गाठ अडकून तेवढा भाग मेला होता. रक्तदाबाच्या गोळ्या गुरुजी "बरं वाटते" म्हणून मधूनमधून सोडत असत. गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. इथे पाच दिवस झालेले. हात-पाय शाबूत, तोंड वाकडं नाही, जीभ जड नाही. लकवा म्हणजे काय याचं जे चित्र गावाच्या मनात असतं, त्यात हे बसत नव्हतं.

ओसरीवरच्या तपासण्या

मी पहिल्यांदा भेटायला गेलो तो रविवार. दंडवत घातला. म्हणाले, "बस बाबू. दिसून राह्यलं मले सगळं. तुह्यी दाढी पांढरी झाली तेही दिसते. पण अक्षर बोलत नाई."

मी कागद-पेन पुढे केलं आणि काय झालं ते लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी लिहिलं. सात-आठ ओळी, त्यांच्या त्या वळणदार मास्तरी अक्षरात, काने सरळ, वेलांट्या जागच्या जागी, शेवटी तारीख आणि सही. फक्त ओळी उजवीकडे जाताना थोड्या वर चढलेल्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला. चहा झाला, पऱ्हाटीवरच्या बोंडअळीची गोष्ट झाली, तुरीला फुलोरा कसा आहे ते झालं. तासाभराने तोच कागद उघडून हातात दिला. बराच वेळ त्यांनी तो जवळ-दूर करून पाहिला. मग म्हणाले, "कोणाचं हे? अक्षर चांगलं आहे."

वर्गात मी हा प्रकार दरवर्षी शिकवतो. फळ्यावर मेंदूची आकृती काढतो, बाण काढतो. त्या ओसरीवर मला काही बोलता आलं नाही.

पुढच्या चार-पाच भेटींत मी जे पाहिलं ते थोडक्यात असं. सुटी अक्षरं दाखवली तर ते आकाराचं वर्णन करायचे. 'ठ' म्हणजे दांडीला टांगलेली घागर. 'ळ' म्हणजे झोपलेला चष्मा. 'ज्ञ' पाहून म्हणाले, "हे काहीतरी गुंतलं आहे, जोताच्या दोरासारखं." नाव येत नव्हतं. शब्द अक्षर-अक्षर फोडून तोंडी सांगितला, म्हणजे "क ला काना, प ला दुसरा उकार, स" असं म्हटलं, की उत्तर लगेच: "कापूस, अजून काय." म्हणजे शब्द कसा बनतो हे ज्ञान जागेवर होतं. अंक तर जवळपास शाबूत. सातबाराचा उतारा पुढे धरला तर गट क्रमांक, हेक्टर-आर, आकारणीचे रुपये-पैसे सगळं वाचायचे आणि त्याच ओळीतलं स्वतःचं नाव वाचता येत नसे.

रंगांचं आणखी वेगळं. दोरीवरच्या ओढणीचा रंग कोणता विचारलं तर चुकायचे. तशाच रंगाचं दुसरं कापड काढून द्या म्हटलं तर बरोबर काढायचे. "हळदीचा रंग कोणता?" असं तोंडी विचारलं तर "पिवळा" हे उत्तर तयार. रंग दिसत होता, रंगाचं नावही माहीत होतं, पण या दोघांची गाठ पडत नव्हती.

आणि मग हाताची गोष्ट. तिसऱ्या भेटीत मी त्यांचे डोळे मिटवून त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षर काढलं. 'म'. "म," ते म्हणाले. 'ध' काढला. "ध." 'घ' काढला. किंचित थांबून, "घ. याला गाठ नाई." डोळ्यांनी त्यांना या दोन अक्षरांत काडीचा फरक करता येत नव्हता, तळहाताला सुरुवातीची ती बारीक गाठ पुरेशी होती. त्यांनी डोळे उघडले, पेपर ओढला, मथळ्यातल्या पहिल्या अक्षरावर स्वतःची तर्जनी ठेवली आणि त्याची कड धरून फिरवली. एकदा, दोनदा. "प." पुढचं. "पाऊस. पाऊस लिहिलं आहे."

पहिलीत आमच्याकडे परातीत बारीक रेती असायची. गुरुजी पाठीमागे उकिडवे बसायचे, आमचं बोट धरून रेतीत फिरवायचे आणि कानाशी अक्षराचं नाव म्हणायचे. कधी पाठीवर अक्षर काढून ओळखायला लावायचे. गुदगुल्या व्हायच्या म्हणून आम्ही मुद्दाम चुकायचो. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा ओसरीवर तीच परात होती आणि तिच्यासमोर गुरुजी स्वतः बसले होते.

हे झालं कसं

अशाच एका रुग्णाची पहिली नीट नोंद फ्रान्समध्ये झाली. पॅरिसमधला एक निवृत्त कापड-व्यापारी, ऑक्टोबर १८८७ मध्ये एका सकाळी त्याला जाणवलं की एक शब्दही वाचता येत नाही. त्यालाही चष्माच बिघडलाय असं वाटलं आणि तो आधी नेत्रतज्ज्ञाकडे गेला. 'ए' त्याला चित्र टेकवायच्या लाकडी घोडीसारखा दिसे, 'झेड' सापासारखा, 'पी' बक्कलासारखा. त्यालाही अंक वाचता येत, रोजचं वर्तमानपत्र तो त्याच्या रूपावरून ओळखे, आणि स्वतः लिहिलेलं मात्र वाचू शकत नसे. जोसेफ जूल देजेरिन या मेंदूतज्ज्ञाने त्याला तपासलं. १८९२ च्या जानेवारीत दुसऱ्या झटक्यानंतर, ज्यात लिहिणंही गेलं, तो वारला; शवविच्छेदन करून देजेरिनने त्याच वर्षी निष्कर्ष मांडला. जुनी इजा डाव्या बाजूच्या दृष्टीच्या भागात होती आणि दोन्ही अर्धगोलांना मागच्या बाजूने जोडणाऱ्या तंतूंच्या पुलात होती.

गणित असं आहे. डावा दृष्टिभाग गेला म्हणून उजवीकडचं दिसणं गेलं: चौकट, वांगं. उजवा दृष्टिभाग चांगला आहे, त्यामुळे डावीकडचं सगळं दिसतं, अक्षरंही. पण अक्षराचं नाव, उच्चार, अर्थ हे सगळं डाव्या बाजूला. तिकडे जायचा पूल तुटला. अलीकडचं गाव आबाद, पलीकडचं गाव आबाद, पण पुरात रपटा वाहून गेलेला; आमच्याकडे पावसाळ्यात हे दर वर्षी होतं, त्यामुळे गुरुजींना ही उपमा समजावून सांगावी लागली नाही. लिहिण्याला तो पूल लागतच नाही, कारण मनातला शब्द आणि उजवा हात चालवणारा भाग दोन्ही डाव्याच तीरावर. अंक का वाचले, याचं मानलं जाणारं कारण असं की अंकांची ओळख काही प्रमाणात उजव्या बाजूलाही असते.

गेल्या काही दशकांत यात एक भर पडली आहे. लोराँ कोएन आणि स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदू-संशोधकांनी २००० साली डाव्या मेंदूच्या तळाशी एक छोटा पट्टा दाखवला, जो वाचणाऱ्या माणसात लिखित शब्द दिसताच जागा होतो. लिपी कोणतीही असो, पट्टा जवळपास तिथेच. यात एक कोडं आहे. लेखनाचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांचा. आमच्या विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकच्या शिळेवर मौर्यकाळातला ब्राह्मी लेख आहे, म्हणजे इथे अक्षर येऊन दोन हजार वर्षं झाली, पण गावोगावची पोरं पाटीवर बसली ती गेल्या शंभर-दीडशे वर्षांत. एवढ्यात उत्क्रांतीने वाचनासाठी वेगळा भाग बनवणं शक्य नाही. देहान यांचं उत्तर असं की वस्तू, चेहरे, रेषांचे सांधे ओळखणारी जुनी जागाच शाळेत नव्या कामाला लावली जाते. २०१० च्या त्यांच्या अभ्यासात साक्षरतेबरोबर या जागेचा चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद थोडा कमी झालेला दिसला. देवनागरीवरचा पुरावाही आहे: लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक स्त्रिया, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मेंदूच्या खोलातल्या, दृष्टीशी निगडित केंद्रांचा वरच्या भागाशी समन्वय वाढलेला आढळला. तिशीतलं मन अक्षर शिकतं आणि मेंदू खालपर्यंत हलतो.

गुरुजींकडे पूर्वी एक सालगडी होता, अंगठेबहाद्दर. तो धुऱ्यावर उभा राहून गव्हाणीकडे येणाऱ्या चाळीस जनावरांतलं आपलं कोणतं हे चालीवरून सांगायचा आणि पऱ्हाटीच्या मिटलेल्या डोमकळीकडे लांबून बघून आत अळी आहे म्हणायचा. गुरुजींना ते कधी जमलं नाही. त्यांनी त्या जागी बाराखडी भरली होती, असं म्हणायचा मोह होतो. एका माणसावरून इतकं म्हणू नये, पण मोह होतो खरा.

कळणं आणि ओळखणं

'कॉग्निशन' या शब्दासाठी आम्ही पाठ्यपुस्तकांत बोधन, संज्ञान असे शब्द वापरतो. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, आणि त्या लॅटिन धातूचं नि आपल्या 'ज्ञा'चं कूळ एकच. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात: माहिती घेणं, साठवणं, वापरणं. गुरुजींच्या ओसरीवर ही व्याख्या मला फार गुळगुळीत वाटू लागली. त्यांनी माहिती घेतली होती, साठवलेली शाबूत होती, आणि वापरता येत होती, फक्त एका दाराने येत नव्हती.

मराठी या बाबतीत पाठ्यपुस्तकापेक्षा चोखंदळ आहे. आपण 'मी पाहतो' म्हणतो, आणि 'मला दिसतं'ही म्हणतो. 'मी ओळखतो', पण 'मला कळतं', 'मला आठवतं', 'मला सुचतं'. पहिल्यात करणारा मी. दुसऱ्यात ती गोष्ट माझ्याकडे चालत येते आणि मी नुसता तिचा मुक्काम. आपण सगळे जे वाचन करतो ते या दुसऱ्या जातीचं. पाटी समोर आली की न वाचणं अशक्य. गुरुजींचं वाचन आता पहिल्या जातीचं झालं आहे, करावं लागतं. 'अक्षर बोलत नाई' या त्यांच्या तीन शब्दांत निदान पूर्ण होतं.

एका सहकाऱ्याने यावर न्यायदर्शनाची, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेची, आठवण काढली. नैयायिक प्रत्यक्षाचे दोन टप्पे मानतात: निर्विकल्पक, म्हणजे नाव-जात न जोडता झालेलं नुसतं भान, आणि सविकल्पक, म्हणजे 'हा घट आहे' असं विशेषणासह झालेलं ज्ञान. गुरुजी पहिल्यावर अडकले, असं तो म्हणाला. बसतं, पण अर्धवट. नव्य-नैयायिकांच्या, म्हणजे याच परंपरेतल्या नंतरच्या पंडितांच्या, मते निर्विकल्पक स्वतः अनुभवाला येत नाही, त्याचं फक्त अनुमान करता येतं. गुरुजी तर घागर, चष्मा, दोर अशी विशेषणं लावून सांगत होते. ते पाहत होते सविकल्पकच, फक्त अक्षर ही जात सोडून बाकी सगळ्या जातींत. त्यापेक्षा मला त्यांच्या घरातली जुनी गोष्ट जवळची वाटते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत बंद करून ठेवले होते. लिपी माहीत नसणाऱ्यासमोर पोथी उघडी असूनही बंदच. काकूंना मी हे म्हटलं तर म्हणाल्या, "मंग यायच्या डोळ्याले कोनं सकळ लिपी लावली?"

हात कसा वाचतो, हे अजून सांगायचं राहिलं. ओळखता न येणाऱ्या रेषेवरून बोट फिरवता कसं येतं? मेल्व्हिन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर या मेंदू-संशोधकांनी १९९० च्या दशकात मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: 'हे काय आहे' सांगणारी दृष्टी आणि 'हात कुठे न्यायचा' सांगणारी दृष्टी मेंदूत वेगळ्या वाटांनी जातात. त्यांच्या एका स्त्री-रुग्णाला फट उभी आहे की आडवी हे सांगता येत नसे, पण पत्र त्या फटीत ती अचूक टाकत असे. गुरुजींचं बोट या दुसऱ्या वाटेने रेषेवर चालतं, हाताच्या हालचालीची आठवण डाव्या तीरावर जागी होते, आणि अक्षर आतून उमटतं. पूल तुटला तर डोंगराला वळसा घालून जायचं, तसं. कॅनडातले रहस्यकथाकार हॉवर्ड एंगेल यांना २००१ मध्ये हेच झालं. त्यांनाही सकाळचा पेपर परक्या लिपीत छापल्यासारखा वाटला होता, आणि ते दातांच्या मागच्या बाजूला जिभेने अक्षरं गिरवून वाचू लागले.

गिरवणं म्हणजे बिनडोक काम असं आम्ही शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकतो, थोडंफार मीही म्हटलं आहे. आता म्हणताना जीभ अडखळते. पण हाताचा उदोउदो करण्यातही अर्थ नाही. हे वाचन भयंकर हळू आहे. शब्दात एक अक्षर वाढलं की वेळ वाढतो. ऱ्हस्व वेलांटी तर वैरीण: पानावर ती अक्षराच्या आधी भेटते, पण त्यांच्या हाताला सवय आधी अक्षर आणि मग वेलांटीची, त्यामुळे 'किती'पाशी बोट दोनदा मागे-पुढे होतं. छापील 'द्य', 'ह्म' ही जोडाक्षरं ते हाताने कधी तशी लिहीतच नव्हते, म्हणून ती हाताच्याही ओळखीची नाहीत. वर्षभराने परात सुटली, बोट मांडीवर फिरू लागलं, मग नुसता अंगठा तर्जनीवर हलू लागला. मथळे वाचतात. पान नातू वाचतो.

कागद

या प्रकरणातला खरा पेच दवाखान्यात झाला नाही. धाकट्या भावाबरोबर हिस्सेवाटणी वर्षभर लांबली होती. वडिलोपार्जित पाच एकर, अर्धं-अर्धं ठरलेलं. तहसीलदारांकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा भावाकडून आला आणि गुरुजी म्हणाले, मला वाचता येत नाही, थांबा. पण महिन्याभरापूर्वीच त्यांनी ग्रामपंचायतीला स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला होता, तो साऱ्या गावाने पाहिलेला. भाऊ पारावर म्हणाला, "लिहिता येते अन् वाचता येत नाई? असं कधी आयकलं का कोनं?"

नव्हतंच ऐकलं. गावाचं अनुमान चुकीचं असलं तरी मूर्खपणाचं नव्हतं. आजवर जितके लिहिणारे पाहिले ते सगळे वाचणारे होते. लिहिणं दिसलं की वाचणं आहेच, धूर तिथे अग्नी. या व्याप्तीला, म्हणजे 'एक दिसलं की दुसरं असतंच' या नियमाला, अपवाद असतो हे त्यांना कोण सांगणार? मी एमआरआयचा अहवाल घेऊन पारावर गेलो, पुलाची गोष्ट सांगितली. लोकांनी मान डोलावली आणि भावाने विचारलं, "प्रोफेसर, तुम्ही त्यायचेच विद्यार्थी ना?" तो प्रश्नही रास्त होता. माझा शब्द प्रमाण धरायचा तर मी न्यायदर्शनातला आप्त, म्हणजे भरवशाचा सांगणारा, असायला हवा, आणि मी एका बाजूचा आप्त होतो.

बैठक गुरुजींच्या ओसरीवर बसली. मसुदा नातवाने वाचला. अडखळत, पण सगळा. वाचून झाल्यावर गुरुजींनी कागद मागून घेतला. डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि म्हणाले, "इथं १.२१ आहे. अन् खाली ०.८१." पाच एकर म्हणजे दोन हेक्टर दोन आर. अर्ध्याचे १.०१ यायला हवेत. इथे एकाला तीन एकर आणि एकाला दोन लिहिले होते. नातवाने आकडे वाचले होते, पण हेक्टर-आर कोणाच्या कानात शिरत नाहीत. सगळे 'अर्धं-अर्धं' ऐकायला बसले होते आणि त्यांनी तेच ऐकलं. अक्षरं वाचता येणाऱ्या आम्ही सहा जणांनी, माझ्यासकट.

"तीन एकर कोणाच्या नावावर आहे?" गुरुजींनी विचारलं. नातू म्हणाला, धाकट्या आबांच्या. पुतण्या म्हणाला, टायपिंगची चूक असेल, नावं खालीवर झाली असतील, तुमच्याच नावावर असेल. दोन माणसं, दोन उत्तरं, कागद एक. मी वाचून सांगायला पुढे झालो तर त्यांनी हाताने थांबवलं.

कागद पाटावर ठेवला. उजवी बाजू दिसत नाही म्हणून तो डावीकडे सरकवून घेतला. १.२१ च्या आधीच्या नावावर बोट ठेवलं आणि पहिल्या अक्षराची कड धरली. ओसरीवर कोणी बोललं नाही. परसात म्हैस ओरडली, काकूंनी आतून विचारलं चहा टाकू का, त्यालाही कोणी उत्तर दिलं नाही. बोट अक्षरावरून गेलं, मांडीवर आलं, तेच वळण पुन्हा काढलं, परत कागदावर गेलं. एका नावाला इतका वेळ लागतो हे त्या दिवशी भावानेही पाहिलं. शेवटी गुरुजींनी मान वर केली आणि भावाचं नाव घेतलं, लहानपणी हाक मारायचे तसं, अर्धंच.

भाऊ म्हणाला, "टायपिंगचीच चूक आहे दादा." असेलही. मी त्यात पडलो नाही.

आठवड्याने दुरुस्त मसुदा आला. गुरुजींनी आधी आकडे पाहिले, १.०१ आणि १.०१. मग दोन्ही नावं बोटाने वाचली. मग पेन घेऊन झरझर सही केली, आणि कागद परत देण्याआधी शाई वाळू दिली, सहीवरून कोरडी तर्जनी एकदा सावकाश फिरवून पाहिली.